एकच माल, तीन साइट: ऑनलाइन विक्रेत्यांसाठी नोंदणी, कागदपत्रं आणि नियम

एकच वस्तू अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो अशा तिन्ही ठिकाणी विकायला लावली तर चालतं का? चालतं. उलट, परकीय गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसना (म्हणजे अशा विक्रीच्या साइटना) ‘फक्त आमच्याकडेच विका’ अशी सक्ती विक्रेत्यावर करता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या प्रेस नोट २ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू आहे. मात्र त्याच साइटवर तीच वस्तू दोनदा लिस्ट केली, तर ती डुप्लिकेट ठरते आणि लिस्टिंग उडतं. हे त्या त्या साइटच्या नियमांत असतं, तेव्हा करार ‘आय अ‍ॅग्री’ करण्याआधी एकदा वाचून घ्यावा.

कोणती नोंदणी करायची, हे किती साइटवर विकता यावर ठरत नाही. तुमचं पार्सल राज्याबाहेर जाणार की नाही, यावर ठरतं.

पार्सल राज्यातच राहणार असेल तर

पूर्वी ऑनलाइन विकायचं म्हटलं की पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नंबराऐवजी फक्त एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येतं. इथे ‘एकूण’ म्हणजे तुमच्या पॅनवरची सगळी विक्री: तिन्ही साइट, घरची आणि प्रदर्शनातलीही. प्रत्येक साइटला वेगळे ४० लाख मिळत नाहीत.

यासाठी पॅन हवं, धंद्याचा पत्ता हवा आणि विक्री एकाच राज्यात हवी. जीएसटी पोर्टलवर नोंदणी नसलेल्यांसाठीच्या भागात जाऊन ही माहिती भरायची. पॅनची पडताळणी झाली की नंबर मिळतो. एका राज्यात असा एकच नंबर मिळतो आणि तोच सगळ्या साइटना द्यायचा. नंबर हातात येण्याआधी एकही ऑर्डर पाठवायची नाही. पुढे कधी नियमित जीएसटी नोंदणी घेतली, की त्या तारखेपासून हा नंबर बाद होतो.

यात एक अडचण आहे. मीशोसारख्या साइटवर हा नंबर चालतो, पण बऱ्याच ठिकाणी थेट जीएसटी नंबरच मागतात. शिवाय कोल्हापुरातून बेळगावला पार्सल गेलं तरी राज्याची हद्द ओलांडली, मग हा नंबर पुरत नाही. त्यामुळे दोन-तीन साइटवर मनापासून धंदा करायचा असेल, तर सरळ नियमित नोंदणी घ्यावी, असं माझं मत. कंपोझिशन योजनेतूनही (छोट्या व्यावसायिकांना उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरू देणारी योजना) आता वस्तू ऑनलाइन विकता येतात, पण तीही राज्यापुरतीच, म्हणून तिचाही इथे फार उपयोग नाही.

नियमित नोंदणी

अर्ज जीएसटी आरईजी-०१ या फॉर्मवर, पोर्टलवरूनच होतो आणि सरकारी फी शून्य आहे. पॅन, आधार, फोटो, कॅन्सल चेक किंवा बँक स्टेटमेंट आणि धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या कागदावर. घरूनच धंदा करणाऱ्या सुनेच्या अर्जाला सासऱ्यांच्या नावाचं लाइट बिल जोडलेलं असतं आणि संमतीपत्र नसतं. जागा घरच्यांची असेल तर बिल किंवा घरपट्टीची पावती आणि मालकाचं संमतीपत्र जोडावं. भाड्याची असेल तर भाडेकरार हवा. बिलावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, ‘फ्लॅट नं. ४’ आणि ‘बी/४’ एवढ्या फरकावरूनही क्वेरी येते.

आधारची पडताळणी टाळू नका. ती केली नाही तर प्रत्यक्ष जागेची तपासणी मागे लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून कमी जोखमीच्या छोट्या अर्जदारांना तीन कामाच्या दिवसांत नोंदणी देण्याची सोय झाली आहे, तिच्यासाठीही आधार लागतंच.

माल साइटच्या गोदामात ठेवणार असाल, तर ते गोदामही नोंदणीत दाखवावं लागतं. भिवंडीचं गोदाम असेल तर नोंदणीत दुरुस्ती करून ‘अतिरिक्त जागा’ म्हणून जोडायचं. गोदाम बेंगळुरूचं असेल तर कर्नाटकाची वेगळी नोंदणी लागते, आणि स्वतःचाच माल तिथे पाठवतानाही कर लागतो. नव्या विक्रेत्याने सुरुवातीला या भानगडीत पडू नये.

एमआरपी एकच, विक्रीची किंमत वेगळी

प्रत्येक साइटचं कमिशन वेगळं, त्यामुळे विक्रीची किंमत वेगवेगळी ठेवायला हरकत नाही. एमआरपी मात्र एकच हवी. हुबेहूब त्याच पॅकबंद मालावर दोन एमआरपी छापण्याचा खेळ वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापं आणि पाकिटावरच्या माहितीच्या) नियमांत बसत नाही. उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ प्रमाण, मूळ देश आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हा तपशील पाकिटावर आणि प्रत्येक साइटच्या पानावर सारखाच दिसला पाहिजे. स्वतः पॅक करत असाल तर पॅकर म्हणूनही वैधमापन खात्याकडे नोंदणी लागते. मसाले, लोणची, लाडू असा माल असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर आधी, बाकी सगळं नंतर.

कपडे विकणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. समजा खणाच्या कुर्त्याच्या पाकिटावर एमआरपी २,९९९ छापली आहे. एका साइटवर करापूर्वीची किंमत २,४५० ठेवली, तर गिऱ्हाइकाला तो २,५७२ रुपये ५० पैशांना पडतो. दुसऱ्या साइटचं कमिशन जास्त म्हणून २,५५० केली, की कर ४५९ रुपये आणि बिल ३,००९ रुपये. म्हणजे शंभर रुपयांच्या लोभापायी बिल छापील किमतीच्या वर गेलं, आणि तो गुन्हा आहे. साइटवर करासह किंमत भरत असाल तर ती २,६२५ (२,५०० अधिक ५ टक्के) च्या आत तरी ठेवा, नाहीतर २,९५० (२,५०० अधिक १८ टक्के) च्या वर. मधल्या पट्ट्यात कोणताच दर धड बसत नाही.

एचएसएन कोडही (जीएसटीसाठी वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) सगळीकडे एकच टाका. एकाच कुर्त्याला दोन साइटवर दोन कोड दिले, तर खुलासा करताना नाकी नऊ येतात.

बिलं आणि कापलेले पैसे

बिल नंबर १६ अक्षर-अंकांपेक्षा लांब नको आणि आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती नको. तीन साइट तीन मालिका काढतात, म्हणून प्रत्येकीला वेगळी आद्याक्षरं ठेवा. जीएसटीआर-१ च्या (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राच्या) तक्ता १४ मध्ये कोणत्या साइटमार्फत किती विक्री झाली, हे त्या त्या साइटच्या जीएसटी नंबरसह भरायचं असतं.

नोंदणीकृत विक्रेत्याला पैसे देताना साइट परताव्याचा माल वजा जाता उरलेल्या विक्रीवर ०.५ टक्का टीसीएस (साइटने आधीच कापून सरकारकडे भरायचा जीएसटी) कापते. १० जुलै २०२४ पूर्वी तो १ टक्का होता. प्राप्तिकराची ०.१ टक्का कपात वेगळी, ती विवरणपत्र भरताना वळती होते. टीसीएसची रक्कम मात्र आपोआप खात्यात येत नाही. पोर्टलवर ‘टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट रिसीव्हड्’ या भागात जाऊन, प्रत्येक साइटची नोंद आपल्या हिशेबाशी ताडून ‘अ‍ॅक्सेप्ट’ करावी लागते, तेव्हा कुठे ती इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात दिसते.