बेकारी भत्ता व सोशल सिक्युरिटी यांचा एकत्रित लाभ

अमेरिकेत नोकरी गेलेल्या व्यक्तीने राज्याचा बेकारी भत्ता आणि संघ सरकारचे सोशल सिक्युरिटी निवृत्तिवेतन किंवा अपंगत्व लाभ एकाच काळात घेणे. निवृत्तिवेतन आणि बेकारी विमा यांचे मूळ एकाच कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सही केलेला तो सोशल सिक्युरिटी कायदा. अपंगत्व विमा त्यात १९५६ साली आला. सोशल सिक्युरिटीची रक्कम संघ सरकार थेट देते. बेकारी विमा मात्र प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी चालवते आणि त्याचा पैसा मुख्यतः मालकांवरील करातून येतो.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत फारशी अडचण नाही. पूर्ण निवृत्तिवयाआधी, म्हणजे पूर्ण रक्कम मिळण्याच्या वयाआधी, निवृत्तिवेतन सुरू केलेल्याने कामातून ठरावीक मर्यादेपलीकडे कमावले (२०२५ मध्ये वर्षाला २३,४०० डॉलर), तर वरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर कापला जातो. बेकारी भत्ता ही कामाची कमाई नव्हे, म्हणून तो या हिशेबात धरत नाहीत. कात्री लागायची ती उलट बाजूने : सोशल सिक्युरिटी मिळते म्हणून अनेक राज्ये बेकारी भत्ताच कमी करत. आयुष्यभर पगारातून कर भरून मिळवलेला हक्क म्हाताऱ्या कामगाराला असा भोवावा, हा उघड अन्याय होता. राज्यांनी हे नियम हळूहळू मागे घेतले; मिनेसोटात ती कपात सर्वांत जास्त रेंगाळली. ज्या मालकाकडची नोकरी भत्त्यासाठी मोजली जाते, त्याच मालकाची पेन्शन मिळत असेल, तर मात्र भत्ता कमी होऊ शकतो.

खरा पेच अपंगत्वाचा आहे. बेकारी भत्ता चालू ठेवण्यासाठी ठरावीक मुदतीने, बहुधा दर आठवड्याला, दाखला भरावा लागतो. त्यात प्रश्न असतो : तुम्ही काम करण्यास सक्षम व उपलब्ध होता का? ‘हो’ म्हटले तरच पैसे. अपंगत्वाच्या अर्जात तीच व्यक्ती सांगते की आपल्याकडून पुरेशा कमाईचे काम होत नाही. वरवर पाहता यातले एक विधान खोटे वाटते, पण तसे असेलच असे नाही. समजा, पंचावन्न वर्षांच्या हमालाची पाठ गेली आहे. बसून करायचे काम त्याला जमेल आणि तो ते मनापासून शोधतही असेल. तरी वय, शिक्षण व कामाचा अनुभव पाहून सोशल सिक्युरिटीचे नियम त्याला अपंग ठरवू शकतात. नोकरी शोधणे वेगळे आणि नोकरी झेपणे वेगळे, हे घर चालवण्यासाठी मिळेल ते काम धरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणूनच बेकारी भत्ता घेतला एवढ्याने अपंगत्वाचा दावा आपोआप बाद होत नाही. निवाडा करणारे न्यायाधीश तो अनेक पुराव्यांपैकी एक मानतात. व्यवहारात मात्र तो अर्जदाराच्या विश्वासार्हतेवर आघात करू शकतो. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ च्या अहवालात दाखवले, की २०१० च्या आर्थिक वर्षात सुमारे १,१७,००० लोकांनी दोन्ही लाभ मिळून ८५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली. दोन्ही योजनांच्या लाभार्थ्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. तरीही हा दुहेरी लाभ बंद करण्याचे प्रस्ताव पुढे येत राहिले.

गरीब वृद्ध व अपंगांच्या पूरक उत्पन्न योजनेचे गणित निराळे. तिथे बेकारी भत्ता बिनकमाईचे उत्पन्न धरतात : दुसरे काही उत्पन्न नसेल, तर महिन्याला ४०० डॉलर भत्ता आल्यावर पहिले २० सोडून उरलेले ३८० पूरक रकमेतून वजा होतात.

अपंगत्वाचा निकाल लागायला महिनेच्या महिने जातात, आणि तोवर घरभाडे थांबत नाही. भत्ता घेण्यामागे बहुधा हेच कारण असते. काही अर्जदार सुनावणीच्या वेळी अपंगत्व सुरू झाल्याची तारीख भत्ता संपल्यानंतरची करून घेतात. विधानांतला विरोध त्याने मिटतो, पण मधल्या महिन्यांच्या थकबाकीवर पाणी सोडावे लागते.