जामघाटात कलणारी पद्मिनी: जुन्या गाडीच्या सस्पेन्शनची पार्श्वभूमी

महूहून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलं की अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा येतो आणि तिथून रस्ता माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरू लागतो. महेश्वरला जाताना इंदूरच्या कितीतरी मराठी कुटुंबांनी हा घाट पद्मिनीत किंवा अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बसून उतरला आहे. मागे चौघं दाटीवाटीने, डिकीत जेवणाचे डबे आणि पाण्याची कळशी, आणि वळण आलं की गाडी अशी कलायची की आमची आजी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसायची. ती १९८० च्या दशकातली पद्मिनी आजही आमच्या दारात उभी आहे आणि चालते.

माझ्या ओळखीतली तरुण मुलं आता अशा गाड्या हौसेने घेतात. गाडी हाती आली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, "काका, स्प्रिंगा कडक टाकू का? गाडी थोडी खाली बसवू का?" हो किंवा नाही म्हणण्याआधी मला वाटतं, ही गाडी अशी का कलते आणि बनवणाऱ्यांनी तिचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवर गाडी तोलणारी स्प्रिंगांची रचना, असं का ठेवलं, हे नीट समजून घ्यावं.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते. १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने गाडीखाली लंबवर्तुळाकार कमानी बसवण्याचं पेटंट घेतलं. पोलादाचे पट्टे एकावर एक रचायचे, मधोमध आवळायचे आणि त्यांच्या लवचिकतेवर गाडी तोलायची. मोटार आली तेव्हा तिने ही कमान घोडागाडीकडून उचलली आणि पुढे कित्येक दशकं सोडली नाही. एकटी कमान तीन कामं करते. ती वजन पेलते, दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवते आणि पट्टे एकमेकांवर घासत असल्यामुळे उसळीही थोडी शमवते. शिवाय पट्टा तुटलाच तर तापवून, वाकवून, पाणी देऊन तो पुन्हा बसवणारा माणूस लहान गावातही सापडायचा. आपल्याकडे ती इतकी टिकली त्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

होळकरांच्या इंदुरातही या कमानीची एक शाही आठवण आहे. दुसऱ्या यशवंतराव महाराजांसाठी १९३० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे चॅसी, म्हणजे बॉडीशिवायचा सांगाडा, घेतली गेली आणि लंडनच्या गर्नी नटिंगने तिच्यावर दोन आसनांची उघडी बॉडी चढवली, रंग नारिंगी आणि काळा. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं ६.९ लिटरचं इंजिन आणि कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. एवढ्या ताकदीच्या गाडीला खाली मात्र पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानीच होत्या. पैसे वाचवण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. ड्यूसेनबर्गची चॅसी आखली गेली ती १९२० च्या दशकात, आणि तेव्हा मोठी गाडी अशीच बांधत.

अखंड अ‍ॅक्सलची पुढच्या बाजूला एक जुनी अडचण होती. एक चाक उंचवट्यावर चढलं की दुसरंही तिरकं होतं. फिरतं चाक भोवऱ्यासारखं वागतं, त्याला एका दिशेने तिरकं केलं तर ते भलत्याच दिशेने वळू पाहतं. त्यामुळे स्टीअरिंग हातात थरथरू लागायचं आणि पुढच्या कमानी जितक्या मऊ, तितका हा थरकाप वाढायचा. मग पुढच्या कमानी कडक ठेवणं भाग पडे, आणि मागे बसलेल्या माणसाला त्याची किंमत हिंदकळून मोजावी लागे.

ही गाठ सोडवण्यात मॉरिस ऑली या अभियंत्याचा मोठा हात आहे. तो रोल्स-रॉइसमध्ये होता, तिथून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. एका मोठ्या गाडीवर पुढे-मागे हलवता येतील अशी वजनं लावून त्याने चाचण्या घेतल्या आणि दाखवून दिलं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ हव्यात. कारण साधं आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. मागचा भाग थोडा जलद हलत असेल तर तो पुढच्याला गाठतो, दोन्ही टोकं एकदम वर-खाली होतात आणि गाडी होडीसारखी डुलत नाही. पण पुढे मऊ स्प्रिंगा घालायच्या तर थरकाप टाळण्यासाठी दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी करावी लागणार होती. १९३४ च्या मॉडेलांत कॅडिलॅकच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, ती मोकळी केली. युरोपात लॅन्सिया लॅम्ब्डा या इटालियन गाडीने हे १९२२ मध्येच वेगळ्या पद्धतीने केलं होतं, तरी सस्पेन्शनचा विचार मोजमापावर आणून ठेवणारा माणूस म्हणून मला ऑलीच महत्त्वाचा वाटतो.

आमच्या घरांतल्या गाड्या या दोन काळांच्या सांध्यावर उभ्या आहेत. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार व्हायची. पुढे दुहेरी विशबोन (प्रत्येक चाक धरणाऱ्या वर-खाली दोन आर्म), गुंडाळी स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (दोन्ही बाजू जोडून कलणं कमी करणारी सळई), मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानी. अ‍ॅम्बॅसेडर आली मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून. तिला पुढे टॉर्शन बार होता, म्हणजे पिळून ताण झेलणारी लांब सळई. अ‍ॅलेक इसिगोनिसने १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये हीच युक्ती वापरली होती. मागे मात्र तीही कमानींवरच.

अ‍ॅम्बॅसेडरच्या गोष्टीत इंदूरच्या शेजाराचाही एक धागा आहे. १९९० च्या दशकात तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं, साधारण ७५ अश्वशक्तीचं, आणि ते इंजिन पीथमपूरच्या कारखान्यात बनत होतं. गाडी पूर्वीपेक्षा बरीच जोरात पळू लागली, पण खालची रचना तीच राहिली. त्या अ‍ॅम्बॅसेडरी घाटात अंगावर आल्यासारख्या वाटतात त्याचं कारण मला इथे दिसतं. इंजिन एका पिढीचं आणि सस्पेन्शन तिच्या आजोबांचं.

आता माळव्याची माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा नसला तरी गाडी डुलते. अशा रस्त्यावर सहा माणसं आणि सामान घेऊन फिरणाऱ्या गाडीच्या मागच्या कमानी बसणारच, आणि त्यावर आमच्या गॅरेजांतला ठरलेला उपाय म्हणजे कमानी चढवणं. आमच्याही पद्मिनीची मागची बाजू बसली तेव्हा बाबांनी ती एका गॅरेजात नेली. उस्तादांनी दोन्ही बाजूंना एकेक जाड पट्टा वाढवून दिला. गाडी ताठ उभी राहिली, सगळे खूश झाले. पुढच्या पावसाळ्यात जामघाटातल्या एका ओल्या वळणावर मागची चाकं बाजूला सरकली. बाबांनी गाडी सावरली, पण नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

तिथे काय झालं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पट्ट्याची जाडी दुप्पट केली की त्याचा कडकपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. थोडासा जाड पट्टाही गाडीचा स्वभाव बदलून टाकतो. मागची बाजू अशी कडक झाली की वळणात एका बाजूवरून दुसरीवर सरकणारं वजन मागची चाकं जास्त घेतात आणि त्यांची पकड पुढच्यांच्या आधी सुटते. त्यात गाडी रिकामी असली तर कडक कमान खड्ड्यावर लवतच नाही, चाक हवेत उडतं, आणि हवेतल्या चाकाला कसली पकड. कडक गाडी वळणात कमी कलते म्हणून ती जास्त धरून चालते असा समज आजही सर्रास दिसतो. त्याने नुकसान केलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

म्हणून मुलांना मी शॉकअपपासून सुरुवात करायला सांगतो. स्प्रिंग वजन पेलते, उसळी थांबवणं हे शॉकअपचं काम. सुरुवातीच्या मोटारींत ते काम घासणाऱ्या चकत्या करायच्या, मग तेलावर चालणारे आले. पण तेल सतत घुसळलं की त्यात हवा मिसळून फेस होतो आणि लांबच्या घाटात शॉकअप ढिले पडतात. १९५० च्या दशकात द कार्बोन या फ्रेंच अभियंत्याने दाबाखालच्या वायूने तेलाचा फेस होऊ न देणारी रचना केली आणि बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने ती मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर बनवली. आज बाजारात मिळणारे गॅसचे शॉकअप त्याच कल्पनेचे वंशज. स्प्रिंग मऊ आणि शॉकअप नेमका, या सूत्रावर ब्रिटिश लोटस कंपनीने १९६२ ची इलान ही स्पोर्ट्स कार बांधली आणि वळणात ती किती गुणी होती हे जाणकार अजून सांगतात. जुन्या गाडीत हे सूत्र कमी खर्चात लागू पडतं. मूळ स्प्रिंगा ठेवा, शॉकअप चांगले घ्या, आणि त्याही आधी सांध्यांमधले रबरी बुश बदला. चाळीस वर्षांचं रबर दगडासारखं होतं किंवा फाटतं. मग विशबोन आपल्या जागी राहत नाही आणि स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी भरकटते. गाडी पूर्वीसारखी राहिली नाही म्हणणाऱ्या बहुतेकांची तक्रार मला बुशात सापडली आहे.

टायरचं थोडक्यात. पद्मिनी क्रॉस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे एकमेकांवर टाकलेल्या जुन्या टायरांच्या काळात आखलेली. रेडियल टायर वळणात रस्त्याला जास्त सपाट टेकतो, म्हणून फरक लगेच जाणवतो. पण रेडियल नुसते पुढे आणि मागे जुने क्रॉस-प्लाय, असं कधीच करू नये. मागची बाजू अचानक सुटते. घालायचे तर चारही.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि आपल्या रस्त्यांवर मॅकफर्सन स्ट्रट घरोघरी पोचला. अर्ल मॅकफर्सनने फोर्डमध्ये असताना स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या नळीत बांधले आणि वरचा विशबोन काढूनच टाकला. जागा वाचली, सुटे भाग कमी झाले, आणि पुढच्या चाकांवर चालणारी लहान गाडी स्वस्तात बनवता आली. गाडी खाली बसवण्याची हौस मारुती आणि नंतरच्या झेनपासून जोर धरते, आणि नेमकी मॅकफर्सनमध्ये ती हौस महागात पडते. स्प्रिंग कापून गाडी फार खाली आणली की चाक धरणारी खालची आर्म आडवी राहत नाही, चाकाकडचं टोक वर जातं. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही जास्त खाली घसरतो, त्यामुळे कलवणारा जोर उलट वाढतो आणि वळणात बाहेरच्या चाकाची बैठकही बिघडते. गाडी दिसते शर्यतीची, चालते आधीपेक्षा वाईट. थोडा जाड अँटी-रोल बार हा त्यापेक्षा कितीतरी शहाणा खर्च. फक्त तो पुढे जाड केला तर गाडी वळणात बाहेर जाऊ पाहते आणि मागे जाड केला तर शेपूट हलवते, हे आधी लक्षात घ्यावं.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेली गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली आहे, पण ती मूळ रूप जपलेल्या गाड्यांसाठी. बुश, शॉकअप, टायर आणि नव्याने पाणी दिलेल्या मूळ कमानी एवढ्यात राहिलं तर गाडीचं मूळ रूप शाबूत राहतं.

ज्या पीथमपुरात अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन बनत होतं, तिथेच आता नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. त्याचं उद्घाटन जून २०२१ मध्ये झालं. शेजारी गाडी वळणात कशी वागते हे मोजण्यासाठी वेगळे मार्ग आहेत. ऑलीने वजनं सरकवून जे शोधलं ते काम आता इंदूरपासून तासाभराच्या आत यंत्रांवर चालतं. तिथून परतताना मी प्रत्येक वेळी आमच्या गाडीचा विचार करतो.

मागच्या हिवाळ्यात पद्मिनीचे वाढवलेले पट्टे काढले, मूळच्या कमानी तापवून पुन्हा आकारात आणल्या, बुश आणि शॉकअप नवे टाकले, चारही टायर रेडियल केले. मग आईला घेऊन महेश्वरला गेलो. गाडी वळणावर अजून कलते, पण कलून तिथेच थांबते, डुलत नाही. घाट उतरेपर्यंत आईचे हात मांडीवरच होते. स्टीअरिंग बॉक्समधला ढिलेपणा तेवढा राहिला आहे. तो उन्हाळ्यात काढायचा आहे.