विंग चुनमधले ‘खरे घराणे’: वाद कुठून आला आणि कॅसेटवरून त्यातले काय तपासता येते

विंग चुन या कुंगफू प्रकारातल्या सर्वांत गाजलेल्या वादाचे मूळ दक्षिण चीनमधल्या फोशान शहरातल्या एका वैद्याच्या घरात आहे. लेउंग जान (१८२६–१९०१) हे ते वैद्य. त्यांचा शिष्य चान वा-शुन पैसे बदलून देण्याचा धंदा करायचा. त्याच्याकडे इप मान (१८९३–१९७२) लहानपणी शिकले. पुढे १९५०पासून इप मान यांनी हाँगकाँगमध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेत वर्ग घ्यायला सुरुवात केली. ब्रूस ली त्यांच्याचकडे शिकला. इथपर्यंत फारसे कुणाचे दुमत नाही.

वाद आहे तो लेउंग जान यांचा मुलगा लेउंग बिक याच्यावरून. इप मान शिक्षणासाठी हाँगकाँगला गेले तेव्हा त्यांना हा वृद्ध लेउंग बिक भेटला आणि त्याच्याकडून ते पुढचे शिकले, असे परंपरा सांगते. इप मान यांचे १९५०च्या दशकातले शिष्य विल्यम चेउंग पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि त्यांनी या कथेवर मोठा दावा उभा केला. लेउंग जान यांनी अस्सल विद्या मुलांना दिली आणि धिप्पाड चानला पदन्यास बदलून शिकवले. इप मान यांना अस्सल विद्या लेउंग बिककडून मिळाली आणि त्यांनी ती गुपचूप फक्त चेउंग यांना दिली, असे ते म्हणतात. त्यांचे ते ‘पारंपरिक’, बाकी सगळ्यांचे ‘बदललेले’. इप मान यांच्या मुलांनी आणि इतर ज्येष्ठ शिष्यांनी हे मानले नाही. नेमक्या याच काळात, १९८०च्या दशकात, व्हीएचएस कॅसेटवर घरबसल्या कुंगफू शिकवण्याची लाट आली आणि दोन्ही बाजू टीव्हीवर शेजारी शेजारी लावून पाहता येऊ लागल्या.

पाहणाऱ्याने आधी पाय पाहावेत. चेउंग यांच्या पद्धतीत पावले समांतर, खांद्याएवढ्या अंतरावर, आणि प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला सरकण्यावर भर असतो. इतरांकडे ‘यी जी किम येउंग मा’ ही उभे राहण्याची ढब: पावले जुळवायची, गुडघे वाकवायचे, टाचांवर फिरून चवडे बाहेर न्यायचे, मग चवड्यांवर फिरून टाचा बाहेर. चवडे आत वळलेले राहतात आणि दोन पावलांमधले अंतर ज्याच्या त्याच्या पायाच्या लांबीवरून आपोआप ठरते. कॅसेटवरून शिकणारे इथेच चुकतात. समोरून घेतलेल्या चित्रात कंबर किंचित पुढे घेतलेली दिसत नाही, म्हणून नुसते गुडघे आत दाबले जातात आणि सांध्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो.

आता सर्वांत महत्त्वाचा पुरावा. १९७२ साली, कर्करोगाने खंगलेल्या इप मान यांचे मृत्यूपूर्वी थोडेच दिवस ८ मिमी फिल्मवर मूक चित्रीकरण झाले. त्यात सिउ निम ताउ आणि चुम किउ हे दोन ताओ (एकट्याने करायचे ठरावीक हालचालींचे क्रम) आणि लाकडी पुतळ्यावरचा सराव आहे. ही फिल्म पाहताना दोन फसगती होतात. पहिली वेगाची. ८ मिमी फिल्म सहसा सेकंदाला १६ किंवा १८ चौकटींनी (फ्रेमनी) घेतली जायची. १८ची फिल्म २५ चौकटींच्या व्हिडिओवर जशीच्या तशी उतरवली, तर दहा सेकंदांची हालचाल सव्वासात सेकंदांत उरकते. असल्या प्रतीवरून म्हाताऱ्याच्या हातांच्या चपळाईबद्दल काहीही बोलू नये. दुसरी फसगत डाव्या-उजव्याची. फिल्म उलट्या बाजूने उतरवली की चित्र आरशासारखे पालटते, आणि शिकवणारे काही जण तर पाहणाऱ्याच्या सोयीसाठी ते मुद्दाम पालटतात. इप मान यांचा सिउ निम ताउ डाव्या हाताने सुरू होतो. उजवा हात आधी दिसला तर प्रत पालटलेली असण्याची शक्यता धरावी आणि भिंतीवरची अक्षरे किंवा कपड्यांची बटणे तपासावीत.

फिल्ममध्ये चवडे आत वळलेलेच आहेत. पण तेवढ्याने वाद मिटत नाही, कारण इप मान जगासमोर मुद्दाम बदललेलेच दाखवत होते, असे उत्तर तयार असते. गुपिताचा दावा असा कुठल्याच चित्रीकरणाने खोडता येत नाही. १९८०च्या दशकातली कॅसेट १९८०च्या दशकात काय शिकवले जात होते एवढेच सांगते. ची साउ या जोडीने करायच्या सरावात मनगटाला मनगट लावून जो दाब कळतो, तो तर कोणताच कॅमेरा टिपत नाही.

म्हणून कॅसेटच्या बाहेर जावे लागते. इप मान यांनी विंग चुनच्या उगमाविषयी स्वतः लिहिलेले एक छोटे टिपण त्यांच्यामागे सापडले. त्यात लेउंग जान आहेत, चान वा-शुन आहे, आणि चानकडे आपल्याबरोबर शिकलेल्या थोरल्या गुरुबंधूंची नावे आहेत. लेउंग बिकचे नाव नाही. माझ्या मते या सगळ्या वादात याहून वजनदार कागद नाही.

शिवाय स्वतंत्र शाखा आहेत. युएन के-सान (१८८९–१९५६) यांची विद्या लेउंग जानकडून आलेलीच नाही. ती फुंग सिउ-चिंग यांच्या वेगळ्या धाग्यातली. त्यांचे शिष्य सुम नुंग यांच्या परंपरेतले व्हिडिओ इप मान यांच्या फिल्मशेजारी लावले, तर तेच ताओ आणि तेच आत वळलेले चवडे दिसतात. भांडारकर संस्थेत महाभारताचे पाठ ठरवताना जो न्याय लावला, तोच इथे लागतो: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन पोथ्यांत एकच पाठ मिळाला, तर तो त्या दोन्हींच्या आधीचा. म्हणजे ही ढब चानसाठी नव्याने घडवलेली असू शकत नाही.

मात्र चेउंग यांच्या मांडणीतला एक भाग टाकाऊ नाही. लेउंग जान उतारवयात मूळ गावी, गुलाओला, परतले. तिथे त्यांनी जे शिकवले त्यात लांबलचक ताओ नाहीत. सुट्या छोट्या हालचालींचे संच आहेत आणि अंग बाजूला वळवून लढण्यावर भर आहे. एकच गुरू वेगवेगळ्या शिष्यांना वेगवेगळे शिकवत होता, हे गुलाओचे व्हिडिओ पाहिले की पटते. त्यातून इप मान यांनी एकट्या चेउंग यांना काही निराळे दिले, हे मात्र सिद्ध होत नाही. त्या गोष्टीला खुद्द चेउंग यांच्या शब्दापलीकडे आधार नाही.