मार खाल्लेला कुत्रा घरी आणलाय? थोडं त्याच्या कलाने घ्या

(कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या आणि सांभाळायला ठेवून घेणाऱ्या आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रस्त्यावरून उचललेला, एखाद्या संस्थेतून घेतलेला किंवा कुणाच्या तरी अंगणातून सोडवून आणलेला कुत्रा घेऊन तुम्ही आमच्याकडे येता, याचा आम्हाला मनापासून आनंद होतो. बहुतेकांची पहिली मागणी आंघोळीची असते. अंगाला वास येत असतो, केसांच्या गाठी झालेल्या असतात. तरीही अशा कुत्र्याला आम्ही साधारण पहिला महिनाभर आंघोळीला घेत नाही. अनोळखी माणसं, टेबलावर धरून ठेवणं, पाणी, ड्रायरचा आवाज... ज्याला माणसाच्या हाताचीच दहशत बसली आहे, त्याच्यावर हे सगळं लादलं तर ती दहशत आणखी पक्की होते. तोवर घरीच ओल्या फडक्याने पुसा, तेही त्याने पुसू दिलं तर. अंगभर गोचीड असतील किंवा जखमेत किडे पडले असतील, तर मात्र वाट पाहू नका. थेट डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांकडे तसंही पहिल्या दोन-तीन दिवसांत जायचंच आहे. हात लावला की चावायला येणाऱ्या कुत्र्याला आपण रागीट म्हणून मोकळे होतो. पण नीट न जुळलेलं हाड, पिकलेला कान, किडलेली दाढ अशी दुखणी त्यामागे बऱ्याचदा निघतात. दुखणं बरं झालं की निम्मा राग आपोआप जातो. गोचीड तापासाठी रक्त तपासून घ्या. रेबीजची लस दिल्याचा कागद हातात नसेल, तर दिलेली नाही असंच धरून चाला. फार खंगलेला असेल तर कौतुकाने एकदम पोटभर वाढू नका. उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न सोसत नाही, जिवावरही बेतू शकतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या आणि प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन त्याला कधीही देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. अशा कुत्र्याला सगळ्यात जास्त गरज असते ती उद्या काय होणार हे कळण्याची. मार कधी बसेल, का बसेल, याचा त्याला कधीच अंदाज नव्हता, म्हणून तो सतत सावध राहायला शिकला. त्यावर उतारा म्हणजे कंटाळा येईल इतका सारखा दिवस. जेवण त्याच वेळी, त्याच जागी, त्याच भांड्यात. फिरायला जायचा रस्ता एकच. झोपायला कोपरा एकच, आणि त्या कोपऱ्यात गेल्यावर त्याला कुणीही हात लावायचा नाही, बोलवायचंही नाही. नातेवाइकांना कुत्रा दाखवायला बोलावण्याची घाई नको. कामाला येणाऱ्या ताईंना, सिलिंडर आणणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवा, की त्याच्याकडे बघू नका, वाकू नका, आपापलं काम करा.

आमच्याकडे येणारी एक कुत्री कित्येक वर्षं शेतावरच्या खांबाला बांधलेली होती. साखळी निघाली, मोठं घर मिळालं, तरी ती चार-पाच फुटांच्या गोलातच फिरायची आणि तिथेच बसायची. घरच्यांनी तिला ओढून बाहेर काढलं नाही. जेवणाचं भांडं रोज वीतभर पुढे सरकवत राहिले. गोल मोडायला पावसाळा गेला. आम्ही पाहिलेल्या उपचारांमध्ये यापेक्षा चांगला दुसरा नाही.

हाताबद्दल सांगायलाच हवं. डोक्यावरून येणारा हात प्रेमाचा आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. तुम्ही जमिनीवर बसा, त्याच्याकडे थेट न बघता थोडे तिरके बसा आणि हात खाली ठेवा. जवळ यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. आला तर छातीवर किंवा हनुवटीखाली तीन-चार सेकंद खाजवा आणि थांबा. आणखी हवं असेल तर तो स्वतः नाक लावेल. केरसुणी, काठी, चप्पल, हेल्मेट, कमरेचा पट्टा यांतलं काय पाहून तो दबकतो हे लक्षात ठेवा आणि ती वस्तू काही दिवस त्याच्या नजरेआड हाताळा.

गुरगुरला म्हणून ओरडू नका, मारायचा तर प्रश्नच नाही. गुरगुरून तो सांगत असतो, की मला हे सोसत नाही, थांबा. ते दाबून टाकलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. त्याआधीच्या खुणाही ओळखायला शिका: जांभई, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होऊन जागच्या जागी थिजणं. घरात लहान मुलं असतील तर मोठं माणूस समोर असल्याशिवाय त्यांना कुत्र्याबरोबर एकटं सोडू नका. दात किंवा नख लागलंच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. घरचाच कुत्रा आहे म्हणून सोडून देऊ नका.

घाबरलेला कुत्रा सुरुवातीच्या दिवसांतच पळून जातो. दार उघडं राहतं, लिफ्ट दणकन बंद होते, बाइक फटफटते. नुसत्या गळपट्ट्यातून तो डोकं मागे ओढून सहज सुटतो. म्हणून अंगात हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) आणि गळ्यात पट्टा, दोन्हीला दोऱ्या, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच. पुण्यात गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, मग दिवाळीचे फटाके येतात. औषध लागेल का, हे सण तोंडावर आल्यावर विचारण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला.

कुणी छळ केला हे माहीत असेल तर जखमांचे फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. मारहाण, उपाशी ठेवणं, फार आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणं हे सगळं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. जिवे मारणं किंवा कायमचं अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावाला जाताना कुत्रा आमच्याकडे ठेवायचा असेल, तर पहिले तीन महिने आम्ही नको म्हणतो. तुमच्याशी नुकतंच जमू लागलेलं त्याचं नातं अशा वेळी तुटायला नको. त्याऐवजी दुपारी दोन ते चार या वेळात, दुकानात गर्दी नसताना, त्याला नुसतं घेऊन या. काही करायचं नाही. तो दाराशी बसेल, वास घेईल, आम्ही लांबून एखादा खाऊ टाकू, आणि तुम्ही घरी जाल. याचे पैसे नाहीत. येण्याआधी फक्त फोन करा, म्हणजे त्या वेळी दुसरा कुत्रा आत ठेवणार नाही.