घोंगडीतली आत्या

गेल्या वैशाखात, भर दुपारी, खानापूर तालुक्यातली आमची थोरली आत्या घोंगडी पांघरून सोप्यात बसली होती. घरात कुणाला त्याचं नवल नव्हतं. वय सत्तरीपुढचं. नावं विसरते, भाताला मीठ दोनदा घालते, हाकेला उशिरा ओ देते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सगळे मोकळे. मला खटकला तो आवाज. घोगरा, जीभ जड झाल्यासारखा. थंडी, बद्धकोष्ठ, सुजरा चेहरा आणि हा आवाज शेजारी शेजारी ठेवले की संशय गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर जातो.

बेळगावात दाखवायला नेलं, तर प्रश्न कानडीतून. "इवत्तु याव वार?" वार दोन्हीकडे वारच, तेवढं तिला कळलं. "बाजाराच्या आदला," आत्या म्हणाली. महिना? "वैशाख की." दोन्ही उत्तरं चूक धरली गेली. मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आत्यानं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या संशोधकांपुढे हाच पेच होता. त्यांनी निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदीत स्मरण-आकलनाची वेगळी चाचणी बेतली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्या सीमाभागात तर आधी माणसाची भाषा विचारावी, वार नंतर.

रक्त तपासलं. टीएसएच चार-पाचच्या आत हवा, आत्याचा तिच्या वयाशी बरोबरी करत होता. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीनं थायरॉइडला मारलेली हाक. ग्रंथी ओ देईना की हाक मोठी होत जाते. ग्रंथीतून येणारं थायरॉक्सिन हे संप्रेरक आटलं की शरीराचा सगळा कारभार मंदावतो, विचार करणंसुद्धा. लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरनं १९४९ मध्ये अशा १४ रुग्णांची हकिगत छापली होती. वेड लागलंय असं वाटावं इतपत त्यांची मनं बिघडली होती, आणि मूळ होतं थायरॉइडमध्ये.

म्हातारपणी उलटी बाजूही फसवते. ग्रंथी जादा चालली तर तरुण माणूस घामाघूम होतो, तडफडतो. म्हातारा नुसताच मलूल पडतो, वजन उतरतं, नाडी चुकते.

पण टीएसएच जरा वर दिसला की लगेच थायरॉक्सिनची गोळी, हेही नको. वयाबरोबर तो थोडा चढतोच. २०१७ च्या एका युरोपीय चाचणीत ६५ वर्षांपुढचे, सौम्य बिघाडाचे ७३७ जण होते. गोळी घेणाऱ्यांच्या तक्रारी काही कमी झाल्या नाहीत. आणि खरा स्मृतिभ्रंश या गोळीनं उलटत नाही. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तातलं सोडियम ही सुधारता येणारी कारणं आधी तपासायची, इतकंच.

आत्याला हृदय सांभाळून थोड्या मात्रेनं सुरुवात केली. दोन-तीन महिन्यांत आवाज सुटला, घोंगडी माळ्यावर गेली. नावं अजून अधूनमधून चुकतात. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. "चहाच्या आधी गोळी खातंय काय रे कोण?" हे मात्र ती रोज सकाळी न विसरता विचारते.