जुन्या मोटारीतील सैल ट्रिम पॅनेलांची दुरुस्ती

मोटारीची दारे, छत पेलणारे काचांमधले खांब, छत आणि डिकी यांचा पत्रा आतून झाकणारी प्लास्टिकची किंवा कापड चढवलेली आवरणे म्हणजे ट्रिम पॅनेल. गॅरेजमध्ये दाराच्या आवरणाला ‘डोअर पॅड’, छताच्या आवरणाला ‘रूफ लायनिंग’ आणि खांबावरच्या आवरणाला ‘पिलर ट्रिम’ म्हणतात. गाडी जुनी झाली की ही पॅनेले पत्र्यापासून सुटू लागतात, कडेला फट दिसते आणि खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू येते. दोष बहुधा पॅनेलात नसतो. ते धरून ठेवणारी क्लिप तुटलेली असते, नाहीतर क्लिप अडकवायची जागा मोडलेली असते. त्यामुळे फटीत सिलिकॉन भरणे किंवा पॅनेलातून आरपार स्क्रू मारणे ही दुरुस्ती नव्हे. काचेचे मशीन किंवा लॉक बिघडले की तेच पॅनेल पुन्हा काढावे लागते आणि चिकटवलेले पॅनेल त्या वेळी हमखास फाटते.

क्लिप साधारणपणे नायलॉन किंवा अ‍ॅसिटल प्लास्टिकची असते. तिचे डोके पॅनेलच्या मागच्या खाचेत सरकवलेले असते आणि निमुळते टोक पत्र्याच्या भोकात दाबून बसवलेले असते. उष्णतेने ती वर्षानुवर्षे सुकते व ठिसूळ होते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. पॉलिप्रॉपिलीनची मीटरभर पट्टी ४० अंशांनी तापली की सुमारे ४ मिमी लांबते. तेवढाच पोलादी पत्रा अर्धा मिमीही लांबत नाही. हा फरक रोज दुपारी आणि रात्री क्लिपांनाच सोसावा लागतो.

तरीही उन्हापेक्षा जास्त नुकसान घाईच्या हातांनी होते. सेंट्रल लॉकिंग, स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवताना डोअर पॅड ओढून काढला जातो, दोन-चार क्लिपा तुटतात आणि उरलेल्यांवरच तो परत दाबून बसवला जातो. म्हणून जुनी गाडी घेताना सैल पॅनेलाकडे नीट पाहावे; ते आधी कोणीतरी उघडलेले असण्याची शक्यता मोठी असते. एकाच बाजूची सगळी पॅनेले सैल असतील तर त्या बाजूला अपघाताचे काम झाले आहे का, हे तपासावे. पुरात बुडालेली गाडी वाळवतानाही सगळे आतले आवरण उतरवावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा हे काम गॅरेजांनी भरपूर केले. पॅनेलामागच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ किंवा स्क्रूच्या डोक्यांवर गंज दिसला, तर प्रश्न क्लिपांपुरता राहत नाही.

आवाज कुठून येतो हे आधी ठरवावे. एकाने गाडी खडबडीत रस्त्यावर हळू चालवावी आणि दुसऱ्याने शेजारी किंवा मागे बसून एकेक पॅनेल तळहाताने दाबत जावे. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. खडखड ही बहुधा सुटलेल्या क्लिपेची असते; करकर ही दोन प्लास्टिक एकमेकांवर घासण्याची, आणि तिला घासणाऱ्या कडेवर फेल्टची चिकटपट्टी लावली की पुरते.

डोअर पॅड काढताना पहिले काम म्हणजे लपलेले स्क्रू शोधणे. ते हँडलच्या वाटीत, दार ओढायच्या खाचेच्या तळाशी किंवा नखाने निघणाऱ्या छोट्या झाकणाखाली असतात. मारुती ८०० सारख्या गाडीत काच फिरवायचे हँडल आधी काढावे लागते, आणि नवखा माणूस तिथेच अडतो, कारण स्क्रू कुठेच दिसत नाही. हँडलच्या मागे तारेची एक स्प्रिंग क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घालून बूट पुसल्यासारखी दोन्ही बाजूंनी ओढली की ती क्लिप कापडात अडकून बाहेर येते. ती उडून हरवते, म्हणून दुसरा हात खाली धरावा. पुढे खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पट्टीने, प्रत्येक क्लिपेच्या अगदी जवळ, उचकत जावे. लोखंडी पेचकसाने रंग खरवडतो आणि पॅनेलची कड दबते. क्लिपा सुटल्यावर बहुतेक पॅड काचेजवळच्या वरच्या कडेवर अडकलेला असतो. तो वर उचलून काढावा, आणि ओढण्याआधी मागच्या वायरींचे कनेक्टर सोडवावेत.

पॅडमागे पत्र्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पुष्कळ गॅरेजांत तो फाडून टाकतात, ही वाईट सवय आहे. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी तो आतच अडवतो आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जाऊ देतो. कागद नसेल तर पावसाळ्यात पॅड भिजतो, गालिचा ओला होतो आणि कुबट वास बसतो. फाटला असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्यूटिल रबराच्या चिकट दोरीने लावावा.

क्लिपेची खाच मोडली असेल तर आधी प्लास्टिक ओळखावे. पॅनेलच्या पाठीवर पीपी किंवा एबीएस अशी इंग्रजी आद्याक्षरे कोनी कंसांत उठवलेली असतात. एबीएस सोपे आहे: त्याचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला घट्ट लेप मोडलेल्या जागी पक्का बसतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला मात्र एम-सील किंवा झटपट गोंद धरत नाही. आज चिकटलेला तुकडा काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे सोल्डरिंग आयर्नने तुकडा वितळवून जोडावा आणि स्टीलच्या जाळीचा लहान तुकडा आत दाबावा. तापवताना पुढच्या बाजूला खड्डा पडू नये, म्हणून घाई करू नये.

खांबांवरच्या आणि छताच्या कडेच्या ट्रिमचा नियम वेगळा. तिथे ‘एअरबॅग’ असे उठवलेले असेल तर आत पडदा एअरबॅग, म्हणजे अपघातात बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी, आहे. तिच्या स्फोटात ट्रिम सुटून प्रवाशाच्या अंगावर येऊ नये, यासाठी दोरीसारखी अडकवणी असलेली खास क्लिप लावलेली असते. तिच्याऐवजी साधी क्लिप, गोंद किंवा स्क्रू चालत नाही. कंपनीचीच क्लिप घ्यावी, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे.

रूफ लायनिंग लोंबते तेव्हा क्लिपांचा संबंध नसतो. कापड आणि पुठ्ठ्यासारखा साचा यांमधला पॉलियुरेथेनचा स्पंज भुसभुशीत होऊन त्याची पूड झालेली असते. त्यावर नुसता गोंद फवारला तर तो पुडीलाच चिकटतो. साचा उतरवून जुना स्पंज ब्रशने पूर्ण काढावा लागतो आणि उष्णता सोसणाऱ्या गोंदाने स्पंज लावलेले नवे कापड चढवावे लागते. हे काम सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे चांगले होते.

क्लिपा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत सुट्या मिळतात. दिसायला सारख्या क्लिपांची जाडी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, म्हणून जुनी न तुटलेली क्लिप नमुन्याला न्यावी आणि दोन-चार जास्तच घ्याव्यात. बसवताना प्रत्येक क्लिप भोकासमोर आहे हे पाहूनच तळहाताने दाबावे. ‘टक’ असा आवाज आला नाही तर ती वाकली आहे असे समजून पॅड पुन्हा सोडवावा.