गरोदरपणातील पोषणपूरक गोळ्या आणि बाळंतिणीचे मन

गरोदरपणात रोज घेतल्या जाणाऱ्या फॉलिक आम्लाच्या, लोहाच्या आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आईच्या मनासाठी तयार झालेल्या नाहीत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या स्त्रियांच्या आधीच्या गर्भात चेतानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, नीट बंद न झाल्याचा दोष होता, त्यांनी गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल घेतले तर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे त्या चाचणीत दिसले. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने पहिल्याच गर्भधारणेतही असे संरक्षण मिळते हे दाखवले आणि या गोळ्या जगभर रूढ झाल्या. लोहाचे कारण वेगळे आहे. गर्भ, वार (प्लासेंटा) आणि आईचे वाढणारे रक्त यांसाठी पूर्ण गरोदरपणात मिळून सुमारे एक ग्रॅम लोह लागते आणि ते केवळ आहारातून भागवणे अनेकींना जमत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याची शिफारस करते.

याच गोळ्या प्रसूतीनंतरच्या नैराश्यापासूनही आईला वाचवतात का, हा प्रश्न नंतरचा आहे. तो महत्त्वाचा आहे, कारण हा आजार मुळीच दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडलेला असतो आणि विकसनशील देशांत हे प्रमाण १९.८ टक्क्यांपर्यंत जाते. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी येणारे रडू, चिडचिड आणि हळवेपणा हा त्याहून निराळा प्रकार आहे. तो निम्म्याहून अधिक स्त्रियांना जाणवतो आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नसेल आणि आपण आई म्हणून नालायक आहोत असा अपराधी भाव मनात घर करत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार लागतात.

पोषणाचा आणि मनःस्थितीचा संबंध असू शकतो, या अपेक्षेला जीवरसायनशास्त्रात पक्का आधार आहे. मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामिन ही संदेशवाहक रसायने तयार करणारी जी विकरे, म्हणजे एन्झाइम, आहेत त्यांपैकी दोन महत्त्वाच्या विकरांना काम करण्यासाठी लोह लागते. फॉलेट (फॉलिक आम्ल हे त्याचेच गोळीतले रूप) आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे एकत्र काम करून होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे मिथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लामध्ये रूपांतर करतात, आणि त्या मिथिओनिनपासून बनणारा रेणू मेंदूतील अनेक रासायनिक क्रियांना मिथाइल गट, म्हणजे त्यांना लागणारा एक छोटा रासायनिक घटक, पुरवतो. ड जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक रेणू मेंदूतही आढळतात. चेतापेशींच्या आवरणात डीएचए हे ओमेगा-३ प्रकारचे मेदाम्ल भरपूर असते आणि गर्भाच्या मेंदूसाठी ते आईच्या शरीरातूनच जाते. म्हणजे पुरवठा तुटपुंजा असेल तर आईच्या वाट्याला कमी उरेल, हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. पण तर्क सुसंगत आहे एवढ्यावरून गोळीचा उपयोग सिद्ध होत नाही.

येथे एक सापळा आहे आणि बातम्यांमधून तो वारंवार दुर्लक्षिला जातो. गोळ्या नियमित घेणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्य कमी आढळते, असे एखादे निरीक्षण समोर आले की श्रेय लगेच गोळीला दिले जाते. पण गोळ्या नियमित घेणे कोणाला जमते? जिचे गरोदरपण ठरवून आलेले असते, जिच्या हाती पैसा आणि शिक्षण असते, जिला वेळच्या वेळी तपासणीला नेणारे कोणी असते, तिला ते सोपे जाते, आणि याच गोष्टी नैराश्याचा धोकाही कमी करतात. उलट, गरोदरपणातच उदासीने घेरलेली स्त्री जेवायला आणि औषध घ्यायला विसरते, म्हणजे तिच्या बाबतीत आधी नैराश्य आणि मग सुटलेल्या गोळ्या असा क्रम असतो. रक्तचाचण्यांचे आकडेही जपून वाचावे लागतात. गरोदरपणात रक्तातील द्रवाचे प्रमाण खूप वाढते, त्यामुळे काही घटकांची पातळी प्रत्यक्ष कमतरता नसतानाही कमी दिसते. शरीरात दाह असला तर लोहसाठ्याचा निदर्शक असलेले फेरिटिन फसवे वाढते आणि खरी कमतरता झाकली जाते. या सगळ्या गुंत्यातून वाट काढण्यासाठी काही स्त्रियांना पूरक आणि काहींना त्यासारखीच दिसणारी निष्प्रभ गोळी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून देणाऱ्या चाचण्याच कराव्या लागतात.

अशा चाचण्यांपैकी सर्वांत बोलकी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्याआधी देशोदेशींच्या तुलनेत असे दिसले होते की जेथे मासे जास्त खाल्ले जातात तेथे प्रसूतीनंतरचे नैराश्य कमी असते, आणि त्यावरून माशाच्या तेलाकडून मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या होत्या. या चाचणीत २,३९९ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्या जणींना प्रसूतीपर्यंत रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए मिळेल अशा माशाच्या तेलाच्या कुप्या (कॅप्सूल) देण्यात आल्या, उरलेल्यांना वनस्पती तेलाच्या. प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांत नैराश्याची ठळक लक्षणे पहिल्या गटात ९.६७ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.१९ टक्के स्त्रियांमध्ये दिसली, आणि हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. प्रसूतीनंतरचे नैराश्य टाळण्यासाठीच्या पोषणपूरकांचा, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३ साली आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या केवळ दोन चाचण्या मिळाल्या आणि कोणत्याही पूरकाची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांच्या दीर्घकालीन अभ्यासात, गरोदरपणात घेतलेल्या फॉलिक आम्लाचा प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठ महिन्यांतील नैराश्यावर ठोस परिणाम आढळला नाही. २१ महिन्यांनंतर मात्र काहीसे संरक्षण दिसले, आणि फॉलेटचा वापर मंदावणारा एक विशिष्ट जनुकप्रकार असलेल्या स्त्रियांमध्ये ते अधिक स्पष्ट होते. हा धागा लक्षवेधी आहे, पण तो निरीक्षणातून हाती आलेला आहे, हे विसरता येत नाही.

लोहाची कथा निराळी आहे आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका छोट्या चाचणीत, प्रसूतीनंतर दहा आठवड्यांच्या सुमारास लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असलेल्या मातांना दोन गटांत विभागण्यात आले. दोन्ही गटांना फॉलिक आम्ल आणि क जीवनसत्त्व मिळाले, पण लोह एकाच गटाला. बाळ नऊ महिन्यांचे होईपर्यंत लोह घेणाऱ्या मातांच्या नैराश्याच्या आणि ताणाच्या मोजमापांत सुमारे २५ टक्के सुधारणा झाली. दुसऱ्या गटाची स्थिती जवळपास होती तशीच राहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: ज्यांना खरोखर कमतरता होती त्यांनाच निवडले होते, आणि उपचार प्रसूतीनंतर दिला होता. माशाच्या तेलाच्या चाचणीत कमतरता पाहून स्त्रिया निवडलेल्या नव्हत्या आणि कुप्या प्रसूतीबरोबर थांबल्या होत्या.

प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. नऊ महिने गोळ्यांची आठवण सगळे करून देतात आणि बाळ हाती आले की गोळ्यांची पट्टी कपाटात मागे पडते. वास्तविक प्रसूतीत रक्त गेलेले असते, स्तनपान सुरू असते आणि दोन बाळंतपणांत थोडेच अंतर असेल तर मुळातला साठाच अपुरा असतो. जेथे गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण जास्त आहे, तेथे प्रसूतीनंतरही ६ ते १२ आठवडे लोह द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सतत थकवा, धाप आणि मंदावलेले मन यांवर ‘नवी आई आहे, असे होणारच’ असे म्हणण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहिले पाहिजे. शक्य असेल तर फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉईडची चाचणीही करावी, कारण प्रसूतीनंतर काही स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येऊन तिचे काम मंदावते आणि त्याची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात.

कमतरता नसताना मात्र जास्त गोळ्यांनी जास्त लाभ होत नाही. फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने बी-१२च्या अभावामुळे झालेला रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि चेतांची हानी मात्र आत चालू राहते. अ जीवनसत्त्वाची अतिरिक्त मात्रा गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भात व्यंग निर्माण करू शकते. म्हणून दोन-तीन वेगवेगळी पूरके स्वतःच्या मनाने एकत्र करणे धोक्याचे आहे, आणि चालू असलेले नैराश्याचे औषध जीवनसत्त्वांच्या भरवशावर बंद करणे त्याहून धोक्याचे.

या आजाराची बरीच मुळे गोळीच्या आवाक्याबाहेर आहेत. वार बाहेर पडताच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके काही दिवसांत झपाट्याने खाली येतात. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला शांत करणारा जो घटक तयार होतो, त्याच्याच धर्तीवर काम करणारे ब्रेक्सॅनोलोन हे औषध अमेरिकेत २०१९ साली आणि तोंडावाटे घेता येणारे झुरॅनोलोन २०२३ साली मान्य झाले. आधी येऊन गेलेले नैराश्य, घरातील हिंसा, पैशाची ओढाताण, तुटलेली झोप आणि मदतीला कोणी नसणे ही कारणे तर रक्तचाचणीत दिसतच नाहीत. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांना साधे मानसिक उपचारतंत्र शिकवून त्यांनी नैराश्यग्रस्त मातांच्या घरी नियमित भेटी दिल्या, तेव्हा सहा महिन्यांनी त्यांपैकी २३ टक्के माताच नैराश्यग्रस्त उरल्या होत्या. नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा परिणाम मला माहीत असलेल्या कोणत्याही पोषणपूरकाच्या परिणामापेक्षा मोठा आहे.

नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे आणि ती भरायला पाच मिनिटे पुरतात. गोळ्यांची चौकशी होते त्याच भेटीत ती भरून घेता येते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तसा विचार मनात येत असल्याचे आईने सांगितले, तर बाकीच्या उत्तरांची बेरीज कितीही कमी असली आणि हिमोग्लोबिन कितीही चांगले असले, तरी तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते.